टेस्टवरची बॅटरी

फोन एकसष्ट टक्क्यांवर होता आणि व्होल्टमामा खोलीत येरझारा घालत होते. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून खिडकीपर्यंत सात. प्रत्येक फेरीला खिडकीच्या कट्ट्यावरच्या फोनकडे एक नजर. एकसष्ट. एकसष्ट. साठ. आकडा दिसला की लगेच वहीत नोंद, शेजारी वेळ.

"अहो, बघत बसल्याने तो जास्त चालणार आहे का?" मामी शिवणयंत्रावरून डोकं न उचलता म्हणाल्या. कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करणं चाललं होतं. "बसा जरा. फिरताय तुम्ही आणि चक्कर मला येतेय."

"बसून टेस्ट होत नसते," मामा म्हणाले आणि आठवी फेरी सुरू केली.

व्होल्टमामा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी-रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. माणसाएवढ्या उंच शिशाच्या बॅटऱ्या, ॲसिडचा वास, रबरी एप्रन आणि खिशात कायम व्होल्टमीटर. त्या मीटरवरून हे नाव पडलं, ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. बाहेरची वीज गेली तरी गावभरचे फोन वाजत राहायचे ते त्या खोलीच्या जिवावर, आणि मामांच्या चौतीस वर्षांत ते एक्सचेंज एक मिनिटसुद्धा मुकं झालं नव्हतं. ही गोष्ट मामा ओळख झाल्यावर दहा मिनिटांच्या आत सांगत. मामींनी ती इतक्यांदा ऐकली होती की मामा अडखळले तर त्या पुढचं वाक्य सांगत.

माणसाचं काम सुटतं, कामाची खोड सुटत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी मामींच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्या खोडीला घरातच काम मिळालं.

आता आठवड्यातून तीन दिवस मामी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर डायलिसिसच्या मशीनला चार-चार तास जोडलेल्या असत. बाकीच्या दिवशी पाणी मोजून प्यायचं, डाव्या हातावर ओझं घ्यायचं नाही, मीठ विसरायचं. सुटका एकच होती: कुणाची तरी किडनी मिळणं. त्यासाठी यादीत नाव होतं. दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या समन्वयक बाईंनी फॉर्म भरून घेताना बजावलं होतं, "काका, फोन कधीही येईल. आला की तासाभरात निघायचं. अर्ध्या तासात कुणी भेटलं नाही तर आम्ही यादीतल्या पुढच्याला बोलावतो. किडनी थांबत नाही." फॉर्मवर पहिला नंबर मामांचा, दुसरा मामींचा.

त्या दिवसापासून मामांनी फोन चार्जरवरून काढला म्हणून नाही. शिशाच्या बॅटरीचा पहिला नियम तोच: तिला कायम भरलेली ठेवायची, रिकामी राहिली की ती खराब होते. म्हणून मामांचा फोन अष्टौप्रहर शंभर टक्क्यांवर. उशाशी, पांघरुणाखाली, तव्यासारखा गरम. मामींचं उलटं. त्यांचा फोन पार बंद पडल्याशिवाय चार्जर बघायचा नाही. "मला भूक लागल्याशिवाय मी जेवत नाही, त्याला का जेवू घालू?" असा त्यांचा सवाल. त्यावर मामा कपाळाला हात लावत. मग गेल्या महिन्यात मामांच्याच फोनने दगा दिला. अर्धा दिवस वीज नव्हती, आणि तीस टक्के दिसत असताना फोन धाडकन बंद.

फोन दुरुस्त करणारी बाई डोळ्याला भिंग लावून बसलेली असे. तिने फोन यंत्राला जोडला, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "कायम चार्जिंगला लावून ठेवता का?"

"कायम," मामा अभिमानाने म्हणाले.

"म्हणूनच. बॅटरीची तब्येत बहात्तर टक्क्यांवर आलीय."

"अहो बाई, मी चौतीस वर्षं बॅटऱ्याच सांभाळल्यात."

"शिशाच्या ना? त्यांना पोट भरलेलं लागतं. हिला नाही चालत. हिला वीस ते ऐंशीच्या मधे ठेवायचं. सारखी तुडुंब भरली, त्यात गरम झाली, की म्हातारी होते. आणि पार उपाशी ठेवली तरी म्हातारी होते." तिने भिंग काढलं. "बदलून देते. दीड तास लागेल. फोन ठेवून जा."

"दीड तास?" मामांनी फोन असा उचलला की जणू बाई तो गिळणार होती. "दीड तास फोन बंद?"

"सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला की."

"आणि सिम काढता-घालता पाच मिनिटं जातील त्याचं काय?"

बाईने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. गिऱ्हाईकाशी वाद घालू नये, हे ती मामांपेक्षा लवकर शिकली होती.

खरं कारण पाच मिनिटांचं नव्हतंच. बॅटरी-रूममध्ये टेस्ट घेतल्याशिवाय कुठलीही बॅटरी बाद करत नसत. पूर्ण भरलेली बॅटरी एका ठरावीक भारावर रिकामी करायची, किती तास टिकली ते मोजायचं, पुन्हा पूर्ण भरायची आणि मगच निकाल. कुणा बाईने यंत्रावरचा आकडा वाचून दाखवला म्हणून मामा बॅटरी बदलणार होते थोडेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

"म्हणजे दुकानात दीड तास फोन बंद नको," मामी म्हणाल्या होत्या, "आणि घरात तुम्ही स्वतः दोन तास बंद पाडणार?"

"तिथे परक्याच्या हातात. इथे माझ्या देखरेखीखाली."

"धन्य आहे."

"आणि बॅटऱ्यांचा एक सेट टेस्टवर असला की भार दुसऱ्या सेटवर असतो. दुसरा सेट म्हणजे तुझा फोन. हॉस्पिटलकडे दोन्ही नंबर आहेत. एवढ्यासाठीच दोन असतात."

तर असा तो दिवस. मशीनची पाळी नसलेला, म्हणून निवडलेला. नऊ वाजता टेस्ट सुरू झाली: स्क्रीन पूर्ण उजळ, टॉर्च चालू, दर दहा मिनिटांनी नोंद. मामांचं चहात लक्ष नव्हतं, जेवणात नव्हतं. घास तोंडात असताना उठून खिडकीपाशी जात. पन्नास. शेहेचाळीस. मधेच मामींच्या फोनकडे बोट दाखवून, "रेंज आहे ना?" मामी म्हणत, "आहे." पाच मिनिटांनी पुन्हा, "आहे ना?"

एक वाजायला दहा मिनिटं असताना, चौतीस टक्क्यांवर, फोन बंद पडला. मामांनी वेळ लिहिली आणि दोनदा अधोरेखित केली. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. निदान आता खरं काय ते कळलं होतं.

मग त्यांनी बंद फोन तसाच चार्जरला लावला. सुरू केला नाही. टेस्टवरची बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय भारावर घ्यायची नाही, हा दुसरा नियम.

"सुरू करून ठेवा की," मामी म्हणाल्या.

"पूर्ण भरल्यावर. तीनपर्यंत होईल. तोवर तुझ्या गोळ्या घेऊन येतो." दोन तास नुसतं बसणं त्यांना शक्य नव्हतं. "आता सगळा भार तुझ्यावर. फोन चार्जरला लाव."

"लावते."

"लावते म्हणजे आत्ता."

मामींनी शिवणयंत्राचा प्लग काढून तिथे चार्जर लावला. स्क्रीनवर चार्जिंगची खूण उमटलेली मामांनी डोळ्यांनी पाहिली आणि मगच चपला घातल्या.

औषधाच्या दुकानात एक गोळी नव्हती. म्हणून दुसऱ्या दुकानात, तिथून तिसऱ्या. घरी परतायला सव्वातीन झाले. मामी यंत्रावर बसल्या होत्या आणि सुई टकटक चालली होती. मामांनी आल्या आल्या फोन सुरू केला. शंभर. मग मेसेज आले, एकापाठोपाठ एक. तुम्हाला या नंबरवरून फोन आला होता, दोन वाजून चार मिनिटं. दोन वाजून सहा. दोन वाजून नऊ.

तो नंबर मामांना पाठ होता.

त्यांनी उभ्या उभ्या लावला. समन्वयक बाईंनी उचलला, मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. "काका, आता नाही बोलता येणार. दुसऱ्या पेशंटला बोलावलंय, त्यांची तयारी चाललीय. नंतर वर येऊन भेटा." फोन ठेवला गेला.

मामा वळले. "तुझ्या फोनवर आला होता?"

सुई थांबली. "नाही."

"कसा नाही येणार? माझा लागला नाही तर दुसरा लावतात. दाखव."

मामींचा फोन कट्ट्यावर पालथा पडला होता. काळा. त्याचा चार्जर जमिनीवर पडला होता आणि भिंतीत त्याच्या जागी शिवणयंत्राचा प्लग होता.

"तुम्ही गेल्यावर पँट पूर्ण करायला घेतली," मामी खाली बघत म्हणाल्या. "चार्जर काढला. बंद पडला असेल मग."

मामींना वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, वही उघडली, सकाळपासूनच्या नोंदी पाहिल्या आणि वही मिटली. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते आज झालं होतं, दोन्ही सेट एकाच वेळी बंद. आणि या वेळी पलीकडे गावभरचे फोन नव्हते, बायकोचा जीव होता.

"यंत्रापाशी प्लग एकच आहे हे मला माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "मी थांबायला हवं होतं. चूक माझी आहे."

मामींनी मान वर न करता पँट उचलली.

पुढचे दिवस म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, तसला प्रकार. दुसऱ्याच दिवशी मामांनी भिंगवालीच्या समोर बसून बॅटरी बदलून घेतली. सिम मामींच्या फोनमध्ये घातलं आणि दीड तास तो फोन दोन्ही हातांत धरून बसले. नव्या बॅटरीला काय मानवतं ते तिच्याकडून वहीत लिहून घेतलं. वीस ते ऐंशी, गरम होऊ द्यायचं नाही, रात्रभर लावून ठेवायचं नाही. आणि घरी येऊन यातलं काहीच पाळलं नाही. पॉवरबँक आणल्या, एक नव्हे, दोन. एक खिशात, एक मामींच्या पिशवीत. फोन सत्तरवर आला की मामांचा जीव खालीवर व्हायचा आणि ते वायर खुपसायचे. अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे. शेजाऱ्याने मुद्दाम लावून पाहिला तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मामा म्हणायचे, "निघालो!"

"एवढं काही नाही हो," मामी म्हणत. "येईल पुन्हा."

"चार वर्षंसुद्धा लागतात. वाचलंय मी."

"मग चार वर्षं अंघोळ फोनबरोबर करणार का?"

मामा हसत नसत. जेवण निम्म्यावर आलं होतं. तिन्ही पाळ्यांना ते मामींना मशीनपाशी सोडत आणि बाहेरच्या बाकावर बसत, पण दुसऱ्या मजल्याचा जिना चढत नव्हते. समन्वयक बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती. काय सांगणार? बॅटरीची टेस्ट घेत होतो म्हणून?

दहाव्या दिवशी त्यांना आणखी बसवेना. मामींच्या हातात सुया गेल्या, मशीन सुरू झालं, आणि मामा वही घेऊन जिना चढले. सगळं खरं सांगायचं, माफी मागायची, आणि तिसरा नंबर लिहून घ्या म्हणायचं. शेजाऱ्याला विचारून ठेवलं होतं.

"बाई, त्या दिवशी माझा फोन—"

"बंद होता, हो," बाई फाइल शोधत म्हणाल्या. "म्हणून काकूंना लावला. बरं झालं आलात. तो कागद आणलात का?"

"कुठला कागद?"

"ताप उतरल्याचा. काकू म्हणाल्या ना त्या दिवशी, अंगात ताप आहे, येता येणार नाही. तापात ऑपरेशन करत नाहीत, मग आम्ही पुढच्या पेशंटला बोलावलं. खालच्या सिस्टर म्हणतात आता ताप नाही, पण नाव पुन्हा चालू करायला डॉक्टरांची सही लागते. काकूंना दोनदा सांगितलं. आणते म्हणतात, आणत नाहीत."

"नाव पुन्हा चालू म्हणजे?"

"सध्या थांबवून ठेवलंय ना. कागद येईपर्यंत फोन नाही यायचा."

मामांनी फोन खिशातून काढला, त्याला लावलेली पॉवरबँक काढली आणि पुन्हा लावली. दहा दिवस ते ज्या फोनवर जीव टांगून बसले होते, तो वाजणारच नव्हता.

"कसा आहे आता ताप?" बाईंनी विचारलं.

"उतरला," मामा म्हणाले. "कागद आणतो."

जिना उतरताना त्यांना आधी बरं वाटलं. आपली चूक नव्हती, भार दुसऱ्या सेटने घेतला होता, फोन वाजला होता. तीन पायऱ्या तेवढं सुख होतं. चौथ्या पायरीवर त्या सुखाची इतकी शरम वाटली की कठडा धरून थांबावं लागलं. मग राग आला.

मामी खुर्चीत रेलल्या होत्या. डाव्या हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेल्या होत्या आणि त्यांचंच रक्त तिथे गोल फिरत होतं. अजून अडीच तास बाकी होते. मामांनी स्टूल ओढलं.

"ताप किती होता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आजूबाजूला आणखी पाच खुर्च्या भरलेल्या होत्या.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. उठून जायची सोय नव्हती.

"नव्हता," त्या म्हणाल्या.

"फोन उचललास तू."

"उचलला. त्या म्हणाल्या, तासाभरात निघा. मी हो म्हणणार होते. खरंच हो म्हणायला तोंड उघडलं आणि ताप आहे म्हणाले. कुठून आलं कोण जाणे." त्यांचा आवाज बारीक झाला. "मग फोन बंद केला आणि प्लग बदलला."

"आणि मला सांगितलंस बंद पडला."

"हो."

"दहा दिवस! दहा दिवस मी स्वतःला खातोय. मला वाटलं मी मारलं तुला."

"तुम्ही बॅटरीवर खापर फोडत होतात. मी फोडू दिलं. सोपं पडलं मला ते." त्यांनी मोकळ्या हाताने डोळे पुसले. "शेजारच्या खुर्चीत ती लायब्ररीवाली बसायची, आठवते? फोन आला तेव्हा सगळ्यांना हात हलवत गेली होती. ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही. इथून निदान घरी तरी जाते मी. भीती वाटली हो मला. तुम्ही घरात असतात तर धरून नेलं असतंत. तुम्ही नव्हतात."

मामांना बोलायचं पुष्कळ होतं. चौतीस वर्षांचं, दहा दिवसांचं, लायब्ररीवालीनंतर ऑपरेशन झालेली सहा माणसं धडधाकट आहेत त्याचं. पण मामी पुन्हा डोळे पुसत होत्या आणि मशीन आपलं काम करत होतं. गेल्या दोन वर्षांत आपण बॅटरीला चारशे वेळा विचारलं असेल, कशी आहेस म्हणून. हिला एकदाही विचारलं नाही, घाबरलीस का. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

"नाव काढून टाकायचं का यादीतून?" त्यांनी विचारलं. "तू म्हणशील तसं. खरंच."

मामींनी नळ्यांकडे पाहिलं.

"नको."

"मग?"

"तो कागद आणा. आणि माझा नंबर खोडा फॉर्मवरून."

"दुसरा नंबर लागतोच गं."

"शेजाऱ्याचा द्या, कुणाचाही द्या, माझा नको. मी पुन्हा नाहीच म्हणेन, मला माहितेय ना मी." मामींनी त्यांचं मनगट धरलं, घट्ट. "तुम्ही उचला, हो म्हणा, आणि मला न्या. मला विचारू नका."

"रडलीस तर?"

"रडेनच. तरी न्या."

मामा स्टुलावरून उठले आणि डॉक्टर कुठे बसलेत ते सिस्टरला विचारायला गेले.